पाच उद्योगांचं झाड

कोकोचं फूल शर्टाच्या बटणाएवढं असतं. ते फांदीच्या टोकाला येत नाही. खोडाच्या जाड सालीतून थेट बाहेर पडतं आणि दोऱ्याएवढ्या देठावर लोंबत राहतं. पाच पाकळ्या, रंग पांढुरका, आत जांभळट रेघा, वास जवळजवळ नाही. एखाद्या चिलटाने येऊन परागकण इकडचे तिकडे केले तर त्याचं फळ होतं, नाहीतर एक-दोन दिवसांत ते मुकाट्याने गळून पडतं. बहुतेक फुलं गळूनच पडतात.

सापगावात विहिरीच्या कडेला उकिडवे बसून अनिलराव अशी गळालेली फुलं निरखत होते. जन्मभर बँकेत लोकांच्या सह्या पारखलेल्या माणसाला इतकं बारीक बघायची सवय असते. त्यांच्या मागे त्यांचे थोरले भाऊ दामूदादा उभे होते. फाल्गुन संपत आला होता.

"मंग अनिल," दामूदादा म्हणाले, "यंदा काय करायचं?"

"बघू," अनिलराव म्हणाले.

दामूदादांनी मान हलवली आणि ते निघून गेले. हा संवाद दर फाल्गुनात होत असे आणि त्यात कधी एका शब्दाचाही फरक पडलेला नव्हता.

प्रश्न जागेचा होता. विहिरीजवळचा हा तुकडा म्हणजे या घराची राबाची जागा. उन्हाळ्यात जमिनीवर पालापाचोळा, शेण, गवत पसरून ती भाजून काढायची आणि पाऊस पडला की तिथं भाताचं बी पेरायचं, म्हणजे लावणीसाठी रोपं तयार होतात. राबाला उंचवट्याची, पाणी न साचणारी, घराच्या नजरेतली जागा लागते. अशी जागा दामूदादांच्या वाट्याला एकही आली नव्हती आणि अनिलरावांच्या वाट्याला एकच आली होती. अनिलराव बँकेत होते तोवर हा भेद फक्त कागदावर होता. राब दामूदादा भाजत, भात दामूदादा लावत, आणि तांदळाचं पोतं अनिलरावांच्या घरी पोचतं होई. मग बँकेने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. अनिलरावांनी ती घेतली आणि रिकाम्या माणसाला जे सुचतं ते त्यांना सुचलं. त्यांना उद्योग सुचला.

दक्षिण कोकणातल्या एका रोपवाटिकेत कोणीतरी त्यांना सांगितलं की कोको हे पाच उद्योगांचं झाड आहे. चॉकलेट, सौंदर्यप्रसाधनं, औषधं, खत आणि गुरांचं खाद्य. आंब्याला एकच उद्योग, भाताला तर तोही नाही. निरोप समारंभात अनिलरावांनी बँकेतल्या सहकाऱ्यांना जाहीर आश्वासन दिलं, "पुढच्या भेटीत सापगावचं चॉकलेट खायला घालतो." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस गुंततो. नुसतं बोलला असता तर विसरताही आलं असतं. राबाच्या जागेवर कोकोची रोपं लागली आणि दामूदादांचा राब ओढ्यापलीकडे, राघो नावाच्या शेतकऱ्याच्या माळावर गेला.

त्यांच्या पत्नी रुपाताई शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवत. कोकोला वर्षभर दमट हवा लागते आणि शहापूरचा मे महिना दमट नसतो, हे त्यांनी सुरुवातीला एकदा सांगितलं होतं. त्या कुठलीही गोष्ट एकदाच सांगत. वर्गातही.

झाडं जगली, हे मान्य करायला हवं. केळींच्या सावलीत, विहिरीचं अर्धं पाणी पिऊन, उन्हाळ्यात गोणपाटं पांघरून ती जगली. मुद्दा फळाचा होता. फूल येई, फळ येईना. शेवटी रुपाताईंनी उत्तरपत्रिका तपासता तपासता सांगितलं की कोकोचं परागण मधमाशी करत नाही, एक अगदी बारीक चिलट करतं आणि ते कुजक्या पाल्यात वाढतं.

त्या दिवसापासून अनिलराव चिलटं पाळू लागले.

केळीचे सोट तोडून झाडांखाली कुजत टाकले. त्यावर पाला, त्यावर पाणी. पावसाळा लागेपर्यंत त्या वाफ्यातून असा ढग उठू लागला की शेजारच्या गिरजाकाकूंनी दुपारचं अंगणात बसणं सोडलं.

"भावजी, आमच्या म्हशीला बसू देत नायत तुमची पाखरं," त्या कुंपणावरून ओरडल्या.

"काकू, ती चावत नाहीत. ती परागण करतात."

"म्हशीवर?"

तक्रार आरोग्य केंद्रात पोचली. फवारणीचा पंप पाठीला लावून शाम नावाचा कर्मचारी आला. अनिलराव वाफ्याच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले.

"इथं फवारायचं नाही."

"सायेब, वरून आदेश हाय. गावात मलेरिया हाय."

"हे डास नाहीत. ही चिलटं आहेत. उपयोगी आहेत."

शामने पंप खाली ठेवला. "सायेब, आमी घरोघर जातो. लोक कुत्री पाळतात, कोंबड्या पाळतात, एकाने साप पाळला व्हता. पन तुमच्यासारखा मानूस नाय बघितला."

त्यावर अनिलरावांनी तालुक्याला अर्ज दिला, तालुक्याने तो जिल्ह्याला पाठवला, आणि जिल्ह्याने उलट विचारलं की सदर चिलटांची मालकी नेमकी कोणाकडे आहे. उत्तर जाईपर्यंत पावसाळा संपला. कर्मचाऱ्याला तेवढंच हवं होतं आणि चिलटांनाही.

दिवाळीत फळं दिसली. खोडाला चिकटून, नारळाच्या बोंडासारखी, मग हिरवी, मग पिवळी पडत जाणारी. अनिलराव पहाटे उठून त्यांच्यावरून हात फिरवत. पीकपाहणीला आलेल्या तलाठ्याने खोडाला लागलेलं फळ बघितलं, क्षणभर विचार केला आणि 'फणस' असं लिहिलं.

"हा फणस नाही," अनिलराव दुखावून म्हणाले.

"खोडाला लागतो, पिवळा होतो, आत गरे हायत. मंग फणसाला आनि काय लागतं?"

"कोको आहे हा. चॉकलेट होतं याचं."

"चॉकलेट आमच्या पिकांत नाय बसत," तलाठी म्हणाला. "लहान फणस लिहितो. तेवढंच तुमच्यासाठी."

फळ फोडलं की आत पांढऱ्या गोडसर गरात गुंडाळलेल्या बिया असतात. या बिया आंबवाव्या लागतात. न आंबवता भाजल्या तर चॉकलेटचा वास येतच नाही. अनिलरावांनी फळीची पेटी केली, केळीची पानं अंथरली, बिया भरल्या, वर पानं झाकली आणि पेटी मागच्या पडवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पडवीला गोड वास सुटला. तिसऱ्या दिवशी तो वास सापगावच्या वेशीपर्यंत गेला.

पहिला आला धर्मा. हा वाडीवरचा. मोहाचा हंगाम असला की कामाला सापडत नसे आणि हंगाम नसला की स्वतःहून येई. पडवीच्या पायरीवर बसून त्याने डोळे मिटले आणि हवा ओढून घेतली.

"मॅनेजर, किती दिसांचा झाला?"

"तीन."

"थंडीचं दिस हायत. आजून ठेवा." त्याने आवाज खाली आणला. "उतरवनार कवा?"

"धर्मा, ही दारू नाही. कोको आहे."

"नाव कायबी ठेवा. आमी नाव इचारून पीत नाय."

अनिलरावांनी त्याला हाकलून दिलं. धर्मा दुखावला नाही. पण एका चांगल्या घरातला माणूस शेजाऱ्यापाजाऱ्याला थेंब न देता एकटाच गाळतो, ही बातमी त्याने वाडीवर सांगितली. वाडीवरून ती बाजारात गेली आणि बाजारातून हवालदारांपर्यंत.

हवालदार एका शिपायाला घेऊन आले. पेटीचं झाकण उघडलं तशी आतून वाफ आली. त्यांनी हात घातला आणि झटकन काढला.

"खाली चूल नाय. मंग तापलं कसं?"

अनिलराव काही बोलणार तेवढ्यात रुपाताई शाळेतून आल्या. प्रश्न विज्ञानाचा होता, त्यामुळे त्यांनी चप्पलही न काढता उत्तर दिलं.

"गरात साखर असते. यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. मग जिवाणू अल्कोहोलचं आम्ल करतात. त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते."

एवढ्या लांब वाक्यातून हवालदारांनी आपल्या उपयोगाचा एकच शब्द उचलला. "म्हंजे अल्कोहोल होतं."

"होतं," रुपाताई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. "पण राहत नाही."

"कुठं जातं?"

"थोडं उडून जातं, बाकीच्याचं आम्ल होतं."

"बाई, आमच्या हद्दीत धाड पडली की सगळ्यांचीच उडून जाते."

अनिलराव भिंतीला टेकले. जन्मभर कर्ज बुडवणाऱ्यांच्या दारात ते जप्तीला गेले होते. आपल्या दारात जप्ती आली तर उभं कसं राहायचं असतं, याचा त्यांना सराव नव्हता. पंचनाम्याला पंच म्हणून सही करायला दामूदादांना बोलावलं. दामूदादांनी पेटीकडे बघितलं, धाकट्या भावाकडे बघितलं, आणि सही करताना इतकंच म्हणाले, "आपल्या घरात आजवर कोनी गाळली नव्हती."

पेटी चौकीवर गेली. जाताना रुपाताईंनी हवालदारांना सांगितलं, "दर दोन दिवसांनी खालीवर करा, नाहीतर बुरशी येईल." मुद्देमाल खराब झाला तर जबाबदारी आपली, एवढं कळत असल्याने हवालदारांनी खरोखरच तो शिपायाकडून खालीवर करून घेतला. चारेक दिवसांत गोड वास जाऊन शिरक्याचा इतका उग्र वास सुटला की चौकीवर कोणी तक्रार नोंदवायला येईना. आठवड्याने निरोप आला: तुमचं काय ते घेऊन जा. अनिलरावांनी झाकण काढलं. बिया तपकिरी, टपोऱ्या, अगदी पुस्तकातल्यासारख्या आंबल्या होत्या. घरी एवढं काटेकोर झालं नसतं. सापगावच्या कोकोवर पहिली यशस्वी प्रक्रिया सरकारी देखरेखीखाली झाली, हे अनिलरावांनी कुठेही सांगितलं नाही.

बिया वाळवल्या, कढईत भाजल्या. आता खरा वास सुटला आणि खुद्द रुपाताईंनी स्वयंपाकघरात येऊन एकदा श्वास घेतला. अनिलरावांना वाटलं, जिंकलो. आता फक्त दळायचं राहिलं होतं. घरच्या मिक्सरने पहिल्याच फेरीत धूर काढला. म्हणून ते डबा घेऊन शहापूरच्या बाजारात बाईजाबाईंच्या कांडपावर गेले.

फाल्गुन होता. फाल्गुनात कांडपावर फक्त मिरची असते. दारापर्यंत बायकांची रांग, आत लाल धुकं. सगळ्या तोंडाला पदर लावून उभ्या आणि मध्ये अनिलराव, एकटे पुरुष, शिंकत.

"काय हाय? धने?" बाईजाबाईंनी विचारलं.

"कोको. अगदी बारीक हवंय. पण आधी यंत्र स्वच्छ पुसून घ्या."

बाईजाबाईंनी यंत्रावर फडकं फिरवलं. ते फडकंही लालच होतं. पुढे जे झालं ते कोणाही विज्ञानाच्या शिक्षिकेला आधी सांगता आलं असतं, पण कोणी विचारलं नाही. कोकोच्या बीमध्ये निम्म्याहून जास्त चरबी असते. कुटलं की तिचं पीठ होत नाही, चिखल होतो. चरबी तिखटाचा कण न् कण शोषून घेते. मुसळं चिखलात रुतली, पट्टा घसरला आणि यंत्र थांबलं.

"दानं हायत का डांबर?" बाईजाबाई किंचाळल्या. रांगेतल्या बायका हसायच्या थांबेनात. त्यातली एक म्हणाली, "भाऊ, रस्त्याचं काम घेतलंय काय?" यंत्र खरवडून साफ करेपर्यंत अनिलराव बाहेर पायरीवर बसून राहिले. ज्या बाजारात लोक त्यांना लांबूनच नमस्कार करत, त्याच बाजारात.

तो चिखल साखर घालून, थापून, वड्या पाडून थंड केला. पहिली वडी दामूदादांची नात मनस्वी हिला दिली. तिने ती तोंडात टाकली. चेहरा आधी खुलला, मग थांबला, मग डोळ्यांतून पाणी आलं.

"अनिलआजोबा," ती तोंडाने हा-हू करत म्हणाली, "हे लोणचं आहे का?"

दूरच्या देशांत पूर्वी कोकोत मिरचीच घालत, असं रुपाताईंनी वाचलेलं होतं. त्या प्रसंगी त्यांनी ते सांगितलं नाही. हौसावहिनींनी, म्हणजे दामूदादांच्या पत्नींनी, उरलेल्या वड्या नेल्या आणि रविवारी मटणात कुटून घातल्या. मटण कधी नव्हे इतकं उत्तम झालं. सगळ्यांनी बोटं चाटली आणि कारणाचा उल्लेख कोणीही केला नाही.

जेवण झाल्यावर हात पुसत दामूदादा म्हणाले, "मंग, यंदा काय करायचं?"

"बघू."

त्याही वर्षी दामूदादांनी ओढ्यापलीकडे राघोच्या माळावर राब भाजला. भर पावसात, ओढ्याला कमरेएवढं पाणी असताना, त्यांनी आणि हौसावहिनींनी रोपांच्या जुड्या डोक्यावरून अलीकडे आणल्या. अनिलराव खिडकीतून बघत होते. मदतीला जायला ते दोनदा उठलेही. पण गेलं तर विषय निघाला असता.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी चॉकलेट सोडलं आणि सौंदर्याकडे वळले. कोकोची चरबी हे त्वचेला उत्तम लोणी. ते काढायला घाणा हवा. धसईला मोहाच्या बियांचं तेल काढणारा एक घाणा होता. कांडपाच्या अनुभवाने शहाणे झालेल्या अनिलरावांनी या वेळी समोर उभं राहून घाणा धुऊन घेतला. पण वर्षानुवर्षं मोहाचं तेल प्यालेलं लाकूड एका धुण्यात ते सोडत नाही. लोणी निघालं, फिकट पिवळं, थंडीत साबणासारखं घट्ट. वास वरून चॉकलेटचा आणि तळाशी मोहाचा.

"टाचांना लावून बघते," हौसावहिनी म्हणाल्या. त्यांच्या टाचांच्या भेगा जुन्या होत्या. आठवड्याभरात त्या खरोखर बुजल्या. गावातल्या बायका वाट्या घेऊन आल्या. अनिलरावांनी छाती काढून वाटप केलं. मग दुपारी बायका जरा आडव्या झाल्या की पायांना मुंग्या लागू लागल्या. मुंग्यांना वरचा वास आवडला होता, तळाच्या वासाशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

"गुन हाय भावजी औषधात," गिरजाकाकू पाय झटकत म्हणाल्या, "पन झोपू कोन देतंय?"

'औषध' हा शब्द अनिलरावांनी पकडला. पाचांपैकी तिसरा उद्योग. मुरबाडला औद्योगिक वसाहतीत कारखाने होते. त्यांनी दोन ठिकाणी वेळ ठरवली, कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि लोण्याचा ॲल्युमिनियमचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. बसण्यापूर्वी थांब्यावर जमलेल्या चारचौघांत त्यांनी सांगितलं, "कंपनीशी बोलणी आहेत." सांगायची काही गरज नव्हती.

पहिल्या ठिकाणी क्रीम बनत होतं. तिथल्या बाईंनी डबा उघडला, हुंगला, आणि नम्रपणे विचारलं, "हे दिव्यात घालायचं तेल आहे का?"

दुसरा कारखाना औषधांचा होता. खरेदीचा अधिकारी तरुण होता, पण त्याने लोण्याचा तुकडा बोटांच्या चिमटीत धरला, तो वितळताना बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत या कोकोकडे बघून कोणाचा चेहरा उजळलेला अनिलरावांनी पाहिला नव्हता.

"सर, निसर्गात असा दुसरा पदार्थ सापडणं अवघड," तो म्हणाला. "बाहेर असेपर्यंत मेणासारखा घट्ट. आणि शरीरात गेला की त्या उष्णतेला बरोबर वितळतो."

"शरीरात," अनिलराव भारावून म्हणाले. "म्हणजे गोळ्यांवर लेप देता याचा?"

"लेप नाही सर. गोळीच याची. पण ती तोंडाने घ्यायची नसते."

"इंजेक्शन?"

"नाही सर."

अनिलरावांनी विचार केला. "मग राहिलं काय?"

अधिकारी जरा चुळबुळला. त्याने छताकडे बघितलं, मग अनिलरावांच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीच्या बैठकीकडे. तिथंच तो बघत राहिला.

 पहाटे उठून ज्या फळांवरून हात फिरवला, ज्यांच्यासाठी जिल्ह्याशी पत्रव्यवहार केला, पंचनामा सोसला, बायकांच्या रांगेत शिंकले, त्यांचा प्रवास कुठं संपतो ते अनिलरावांना दिसलं. पण ते जुने बँकवाले होते. अपमान गिळून व्यवहाराकडे वळायचं त्यांना माहीत होतं. मानवजातीची सेवा आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. लहान मुलांना ताप येतो, मुलं औषध ओकतात. सेवा ही कुठल्याही बाजूने सेवाच.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आमची हरकत नाही."

"छान! महिन्याला किती टन देऊ शकाल?"

अनिलरावांनी मांडीवरच्या डब्याकडे बघितलं. वर्षाचं सगळं उत्पन्न त्यात मावलं होतं, आणि वर झाकण लागण्यापुरती जागा उरली होती.

"बघू," ते म्हणाले, आणि उठले.

चॉकलेटने नाकारलं, लाली-पावडरने नाकारलं, हे एक वेळ सांगता येतं. शेवटी जिथं घेतलं जाणार होतं तिथंही माल कमी पडला, हे कसं सांगायचं याचा एसटी शहापूरला पोचेपर्यंत त्यांनी विचार केला. घरी अंगणात मंडळी बसलेलीच होती. दामूदादा, हौसावहिनी, गिरजाकाकू, मनस्वी, आणि जरा लांब धर्मा. रुपाताई दारात.

"काय म्हनली कंपनी?" दामूदादांनी विचारलं.

"औषधाची कंपनी आहे."

"बरी हाय की मंग. कशावर औषध?"

"तापावर वगैरे. गोळी करतात."

"गोड असंल," गिरजाकाकू म्हणाल्या. "कोको गोड लागतो. पोरं आवडीनं खातील."

अनिलराव चपला काढू लागले. सगळ्यांनी रुपाताईंकडे बघितलं. अनिलरावांनीही बघितलं, विनवणीच्या नजरेने.

"खायची नसते ती," रुपाताई म्हणाल्या.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. सगळ्यात आधी कळलं धर्माला. त्याने टोपी काढून तोंडावर धरली, पण खांदे हलत होते. मग हौसावहिनींना कळलं आणि त्या पदर तोंडात कोंबून घरात पळाल्या. तिथून भांडी पडल्याचा आवाज आला.

"आरं देवा," दामूदादा म्हणाले, आणि त्यापुढे त्यांनाही बोलता आलं नाही. हसून हसून ते ओट्यावर लवंडले. बऱ्याच वेळाने डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मंग देनार का माल?"

"पुरत नाही त्यांना," अनिलराव म्हणाले.

यावर मात्र कोणीच हसलं नाही. हसण्यासारखं याहून जास्त काही नव्हतं, तरीही. गिरजाकाकू म्हशीचं निमित्त करून उठल्या. जाता जाता धर्मा म्हणाला, "मॅनेजर, मी आदीच सांगितला व्हता. उतरवायचाच व्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिलराव विहिरीकडे गेले. उन्हाचे दिवस सुरू होत होते. कोकोची पानं भराभर गळत होती; मोठी, चिवट, तपकिरी पानं. झाडांखाली पाऊलभर थर साठला होता. ओढ्यापलीकडे राघोच्या माळाभोवती मात्र सिमेंटचे खांब उभे होते आणि दोन माणसं तार ओढत होती.

"इकला," मागून दामूदादांचा आवाज आला. "मुंबैच्या कोनी शेटनं घेतला. बंगला बांदनार, गुलाब लावनार म्हनं."

अनिलरावांना ही बातमी आता कळत होती. दामूदादांना ती केव्हापासून माहीत होती कोण जाणे. दामूदादांच्या खांद्यावर कोयता होता आणि एका हातात बियाण्याच्या भाताची लहान पिशवी होती. पेरणीला अवकाश होता, पण जागा मागायला जाताना किती बी आहे ते दाखवायला त्यांनी ती बरोबर घेतली होती; दुसऱ्याच्या जमिनीत खाली ठेवायला नको, म्हणून ते ती या हातातून त्या हातात घेत उभे होते.

"वहिनी कुठंय?"

"गेली व्हती पल्याडच्या आळीत इचारायला. त्यांचाच राब पुरत नाय त्यांना."

 दामूदादांनी वाकून कोकोचं एक वाळकं पान उचललं, चुरून बघितलं, वास घेतला आणि टाकून दिलं. त्यांनी काहीच विचारलं नाही. इतक्या फाल्गुनांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने कोयता सावरून ते वळले आणि अनिलरावांचा शब्द स्वतःच म्हणाले.

"बघू रे," ते म्हणाले. "बघू काय होतंय ते."

अनिलरावांच्या समोर खोडावर एक ताजं फूल उमललेलं होतं. बटणाएवढं. त्याच्याजवळ एक चिलट आलं, घुटमळलं आणि म्हशीच्या दिशेने निघून गेलं.

"दादा," ते म्हणाले. आवाज जरा मोठा निघाला. विहिरीतून परत आला. "पिशवी ठेव खाली. झाडं तोडू. यंदाचा राब इथंच."